खंड दुसऱ्यातल्या चेटकिणी

“हरेलीच्या भिशीत माझी नात तुम्हा सगळ्यांसमोर मराठीत बोलणार! घडाघडा बोलणार! आणि नाही बोलली, तर हे अध्यक्षपद तुमचं, नरहरीराव!”

एवढं बोलून श्यामकांत पिंपळापुरे खाली बसले. आधीच बसले असते तर कदाचित बोललेच नसते. पण उभं राहिलं की त्यांना बोलल्याशिवाय राहवत नसे, आणि बोलायला लागले की पैज लावल्याशिवाय थांबता येत नसे. जन्मभर जलसंसाधन खात्यात धरणांवर नोकरी केली होती, पण स्वतःच्या तोंडाला गेट बसवायचं राहूनच गेलं होतं!

हे घडलं रायपुरातल्या पुस्तकभिशीत. हरेली म्हणजे इकडचा आषाढी अवसेचा सण. भिशी म्हटलं की लोकांना चिठ्ठ्या आणि पैसे आठवतात. ही भिशी वेगळी. दर महिन्याला एका मराठी घरी जमायचं, कुणीतरी एकाने वाचलेल्या पुस्तकावर बोलायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या आणि शेवटी सगळ्यांनी मिळून खायचं. माना डोलवण्यात निवृत्त प्राध्यापक नरहरी टेंभेकर यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुठल्याही पुस्तकाचं नाव निघू द्या, नरहरीराव डोळे मिटून म्हणायचे, “वाचलंय. दोनदा.” अजून छापून न झालेल्या पुस्तकाबद्दलसुद्धा त्यांनी हेच सांगितलं असतं! भिशीच्या अध्यक्षपदावर त्यांचा कित्येक वर्षं डोळा होता. अध्यक्षाला मिळायचं ते काय? हातांची वेताची खुर्ची आणि पहिला चहा! पण खुर्ची ती खुर्चीच.

त्या दिवशी नरहरीरावांच्या नातवाने सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात श्लोक म्हटले. टाळ्या झाल्या. नरहरीरावांनी नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि श्यामकांतांकडे वळून अगदी गोड आवाजात विचारलं, “आणि तुमची ईरा? अजून हिंदीतच का?”

हे वर्मी लागलं. कारण ते खरं होतं.

पिंपळापुऱ्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपूरहून छत्तीसगडात आले. फौज परत गेली, हे राहिले. एवढ्या पिढ्या या मुलखात काढून घरात मराठी टिकली होती. रायपुरी मराठी, हिंदीची फोडणी दिलेली, पण मराठी! आणि ती नेमकी नऊ वर्षांच्या ईरापाशी येऊन अडली होती. मुलगा पुष्कर आणि सून मीनल सकाळीच नव्या रायपुरातल्या ऑफिसांकडे निघून जायचे, त्यामुळे ईरा शाळेतून आली की दिवसभर आजीआबांपाशी. तिला मराठी शब्द अन् शब्द कळायचा. उत्तर मात्र हिंदीत.

“ईरा, पाणी आण ना बेटा.”

“ला रही हूँ, आबा!”

पाणी यायचं, मराठी यायची नाही. श्यामकांतांना याचं फार वाईट वाटायचं. हे वाईट वाटणं ते कुणाला सांगत नसत, कारण अध्यक्षाने असं रडवेलं होणं बरं दिसत नाही. पण आपल्यामागे या चौबे कॉलोनीतल्या घरात ‘अगं, ऐकलंस का’ असं म्हणणारं कुणीच उरणार नाही, हा विचार आला की ते ताटावरून अर्ध्यातच उठायचे.

पैज लावून घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा ‘माझी मायबोली’ नावाचं भाषण लिहून ईराला पाठ करायला दिलं. ईराने ते वाचलं, विचारलं, “आबा, ये आपने लिखा है?” आणि त्यांनी अभिमानाने “हव!” म्हटल्यावर सहानुभूतीने त्यांचा हात थोपटून ती गेडी खेळायला निघून गेली. गेडी म्हणजे बांबूच्या उंच काठ्या. त्यांवर पाय ठेवून चालायचं. हरेलीच्या आधी रायपुरातली सगळी पोरं जमिनीपासून दोन फूट वरच असतात.

मग श्यामकांतांनी पुण्याहून मुलांची मराठी पुस्तकं मागवली. पार्सल आलं. त्यात सद्वर्तनाच्या गोष्टी होत्या, फळांची माहिती होती आणि तळाशी एक जाडसर कादंबरी होती, ‘चेटकिणींचा कुकर’. मुखपृष्ठावर तीन विस्कटलेल्या बायका एका प्रेशर कुकरभोवती उकिडव्या बसल्या होत्या.

“हे बघ! चेटकिणी! मजेदार आहे म्हणतात,” श्यामकांत म्हणाले.

“ये तो मराठी में है।”

“अगं, अक्षरं तर हिंदीचीच आहेत ना! तुले काय कठीण आहे?”

“तो आप ही पढ़ लो न, आबा!” असं म्हणून ईरा पुन्हा गेडीवर चढली.

आता श्यामकांत असली पुस्तकं वाचणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्या कपाटातलं सर्वांत हलकंफुलकं पुस्तक म्हणजे सिंचनाची नियमावली! पण नातीच्या हाती द्यायच्या पुस्तकाची भाषा तपासली पाहिजे, असा कर्तव्यबुद्धीने विचार करून त्यांनी पहिलं पान उघडलं.

ज्योतीबाईंनी जेवायला हाक मारली. मग पुन्हा मारली. मग स्वतःच बाहेर आल्या.

“अहो, ऐकू नाही येऊन राहिलं का? वरण थंड झालं!”

“थांब गं! राजा सिंहासनावर बसून राहिला आणि कुकरची शिट्टी होणार आहे!”

गोष्टच तशी होती! उष्टाबाई, खरकटाबाई आणि धांदलबाई या तिघी सख्ख्या बहिणी. धंद्याने चेटकिणी. त्यांची पिढीजात कढई धांदलबाईने चुकून भंगारवाल्याला देऊन टाकलेली, म्हणून जादू कुकरमध्ये शिजवायची. एका शिट्टीला माणसाचा बेडूक, पुढच्या शिट्टीला आणखी काही. पण उष्टाबाईला ऐकू कमी यायचं, त्यामुळे शिट्ट्या मोजण्यात घोळ ठरलेला! केरसुणी जुनी झाली म्हणून तिघी मसाला वाटायच्या पाट्यावर बसून उडायच्या. पाटा दगडाचा, त्यामुळे फार वर जायचाच नाही, लोकांच्या गुडघ्यांना लागत जायचा. आणि या तिघींनी घोळात घोळ घालून राजाची चक्क काकडी करून टाकली. हिरवीगार काकडी मुकुट घालून सिंहासनावर! दरबार भरला, मंत्री आले, मुजरे झाले, आणि कुणाच्या काही लक्षातच आलं नाही! उलट महाराज हल्ली फार विचारी झालेत, म्हणून प्रजा खूश!

श्यामकांत इतके हसले की चष्म्यावर पाणी आलं.

पण अध्यक्षाने हे उघड्यावर वाचायचं कसं? नरहरीरावांनी पाहिलं तर? तेव्हा त्यांना ‘खंड दुसरा’ आठवला. ‘भोसलेकालीन छत्तीसगड : महसूल आणि राज्यकारभार, खंड दुसरा’. हा ग्रंथ नरहरीरावांनीच त्यांना साठीला भेट दिला होता. “मी दोनदा वाचलाय, तुम्ही निदान एकदा वाचा,” असं म्हणून! तेव्हापासून ज्योतीबाई तो साड्यांच्या घड्या बसवायला वापरत होत्या, आणि घड्या खरोखरच सुरेख बसत. श्यामकांतांनी तो साड्यांवरून उचलला, मधोमध उघडला आणि त्याच्या पोटात चेटकिणी ठेवल्या. अगदी मापात बसल्या!

मग काय! रोज संध्याकाळी ओसरीतल्या झोपाळ्यावर अध्यक्षमहाशय भलामोठा ग्रंथ मांडीवर घेऊन बसायचे आणि गदागदा हसायचे. फाटकावरून जाणारी माणसं थांबून बघायची.

एकदा शेजारचे वासुदेवभाऊ आत आले. त्यांचं पंडरी बाजारात कापडाचं दुकान. माणूस साधा आणि शिकायची हौस मोठी, म्हणून भिशीत यायचे.

“काय भाऊ, इतकं काय हसून राहिले?”

श्यामकांतांनी फटकन ग्रंथ मिटला. “महसूल.”

“महसूल?”

“टकोलीचं प्रकरण चालू आहे. म्हणजे जमीनदारांनी भोसल्यांना द्यायचा कर. फारच... खुमासदार!”

वासुदेवभाऊंनी ग्रंथाच्या पाठीवरचं नाव मोबाइलमध्ये टिपून घेतलं आणि त्याच दिवशी एक प्रत मागवली. शिवाय दुकानातून भिशीच्या कौमुदीताईंना फोन केला. बैठका ठरवायचं काम कौमुदीताईंकडे होतं आणि त्यांच्या उत्साहाला आवर घालणं कुणाच्याच हातात नव्हतं. त्यांनी नरहरीरावांना विचारलं, “अहो, तुम्ही दिलेलं पुस्तक इतकं विनोदी आहे, हे आम्हाला कधी सांगितलं नाही!”

नरहरीरावांनी सवयीने डोळे मिटले. मग म्हणाले, “विनोद आहेच. पण तो दिसायला नजर लागते.”

झालं! कौमुदीताईंनी जाहीर करून टाकलं, हरेलीच्या सुट्टीला भिशी पिंपळापुऱ्यांकडे, विषय ‘खंड दुसरा’, वक्ते श्यामकांत! आणि शेवटी छोट्या ईराचं मराठीतून मनोगत!

श्यामकांतांनी हा निरोप वाचला तेव्हा धांदलबाई पाट्यावरून पडली होती. त्यांनी मनाशी म्हटलं, अजून वेळ आहे, हे प्रकरण संपलं की ग्रंथ हाती घेऊ. पण ते प्रकरण संपलं की पुढचं सुरू व्हायचं! एकदा त्यांनी खरोखरच निश्चयाने खंड दुसरा उघडला. पहिलंच वाक्य पुढच्या पानावर जाऊन संपत होतं. ते संपायच्या आत श्यामकांत झोपले होते.

चार-आठ दिवसांनी वासुदेवभाऊ फार खजील चेहऱ्याने आले. “भाऊ, बाराव्या पानापर्यंत आलो. मले काहून हसू येत नाही?”

“सुरुवातीला नाही येत,” श्यामकांत म्हणाले. आता माघार कुठली! “दुसऱ्यांदा वाचल्यावर येतं.”

बिचारे वासुदेवभाऊ पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाले.

या सगळ्यात श्यामकांतांना आणखी एक काळजी लागली होती. खूण म्हणून ते पुस्तकात वासुदेवभाऊंच्या दुकानाचं कार्ड ठेवत. आणि ते कार्ड ठेवल्या जागी सापडतच नव्हतं! काल दरबारात ठेवलेलं कार्ड आज जंगलात निघायचं, जंगलात ठेवलेलं थेट भंगारवाल्याच्या गोदामात! म्हणजे आपण एवढं पुढे वाचलं आणि त्यातलं काहीच आठवत नाही? त्यांनी घाबरून रोज सकाळी भिजवलेले बदाम खायला सुरुवात केली.

“बदामाने काय होते?” ज्योतीबाई म्हणाल्या. “आपल्या लग्नाची तारीखही तुम्हाले आठवत नाही.”

आणि ईरा? तिच्याकडे लक्ष द्यायला वेळ होता कुणाला! स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की ती तोंडावर हात दाबून खुसूखुसू हसायची, एवढं ज्योतीबाईंनी पाहिलं होतं. पण पोट्टी वयाने लहान, कशालाही हसते, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

हरेली उजाडली. सकाळी गुरं राखणारा राऊतभैया आला आणि दाराच्या चौकटीत कडुलिंबाची डहाळी खोचून, शिधा घेऊन गेला. या दिवशी ही डहाळी दाराला असली की बाहेरची बाधा, जादूटोणा घरात शिरत नाही, असं इकडे मानतात. श्यामकांतांनी डहाळीकडे पाहिलं आणि कसंनुसं हसले. बाहेरून कुणी यायची गरजच नव्हती. तिघीजणी महिनाभरापासून आत मुक्कामाला होत्या!

दुपारी माणसं जमली. ज्योतीबाईंनी गुळाचे चिले, म्हणजे इकडची धिरडी, आणि अळूवड्या केल्या होत्या. वेताची खुर्ची मधोमध मांडली होती. नरहरीराव लवकर आले, खुर्चीभोवती एक चक्कर मारून आले आणि तिच्या हातावरून बोट फिरवून धूळ आहे का ते पाहून घेतलं. वासुदेवभाऊ डोळे सुजवून आले होते. दुसऱ्यांदा वाचूनही हसू आलं नव्हतं.

“ईरा कुठे आहे?” नरहरीरावांनी विचारलं.

“तिच्या खोलीत दार लावून बसली आहे,” कौमुदीताई म्हणाल्या. “तयारी करत असेल, बाई!”

श्यामकांतांनी दुसरीकडे पाहिलं. तयारी कसली! सकाळीच ईराने सांगितलं होतं, “आबा, मैं भाषण-वाषण नहीं दूँगी। प्लीज!” आणि तिचे डोळे भरलेले पाहून त्यांनीच म्हटलं होतं, “राहू दे, बेटा. खुर्चीच जाईल ना, जाऊ दे.” म्हणायला म्हटलं, पण खुर्चीपेक्षा मोठं काहीतरी जाणार होतं, आणि ते नरहरीरावांसमोर जाणार होतं.

निदान भाषण तरी निभावलं पाहिजे. चार वाक्यं महसुलावर बोलायची आणि मधेच जरा चेटकिणींवर नजर टाकून धीर घ्यायचा, असा बेत करून त्यांनी खंड दुसरा मांडीवर घेतला, सावकाश उघडला आणि भराभरा पुढचीमागची पानं चाळली.

चेटकिणी गायब! खंडाच्या पोटात फक्त खंडच!

“सुरू करा ना, अध्यक्ष!” नरहरीराव खुर्चीकडे बघत म्हणाले.

श्यामकांत उभे राहिले. समोर सगळे चेहरे. डोक्यात महसुलाचा एक दाणा नाही. समोरच्या पानावर टकोली, पान उलटलं तर पुन्हा टकोली. त्यांनी घसा साफ केला. पाणी प्यायले. पुन्हा घसा साफ केला. आणि आतून जे वर आलं तेच बाहेर पडलं.

“तीन बायका होत्या!”

सगळे सावरून बसले. महसुलाच्या इतिहासात बायका कुणालाच अपेक्षित नव्हत्या.

“तीन बहिणी,” श्यामकांत म्हणाले. आता मागे फिरणं नव्हतं. “दरबारात त्यांना स्थान नव्हतं. पण राज्याची खरी सूत्रं कुणाच्या हाती होती? या तिघींच्या! लेखक दाखवून देतो की सत्ता सिंहासनावर नसते. सत्ता असते... चुलीवर!”

“वा!” कौमुदीताई ओरडल्या. “फारच आधुनिक विचार!”

नरहरीरावांनी डोळे मिटले. मान डोलू लागली. “ते प्रकरण मी अधोरेखित केलंय,” ते म्हणाले.

श्यामकांत थबकले. त्यांनी नरहरीरावांकडे नीट पाहिलं. अधोरेखित? चेटकिणींचं प्रकरण? महसुलाच्या ग्रंथात? आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या माणसाने खंड दुसरा उघडूनसुद्धा पाहिलेला नाही!

त्या क्षणी त्यांना जो आनंद झाला, तो बढतीच्या ऑर्डरच्या दिवशीही झाला नव्हता. पाय भक्कम झाले. आवाज चढला.

“या तिघींची पिढीजात मालमत्ता एका गाफील क्षणी भंगारात गेली. त्यांनी हाय खाल्ली का? नाही! त्यांनी दाबाचं तंत्र वापरलं! दाब वाढवत न्यायचा, वाढवत न्यायचा, आणि योग्य वेळी इशारा! या इशाऱ्यांच्या मोजणीत चूक झाली की राज्यात अनर्थ! नरहरीराव, इशाऱ्यांच्या पद्धतीबद्दल आपलं मत काय?”

“मूलगामी,” नरहरीराव डोळे मिटूनच म्हणाले. “त्या काळाच्या मानाने अत्यंत मूलगामी.”

“आणि त्यांची वाहतूक व्यवस्था?”

“तिचा पुरेसा अभ्यास झालेला नाही, हीच तर माझी खंत आहे!”

“दगडावरून चालायची.”

“दगडावरूनच! मी तर नेहमी सांगतो.”

वासुदेवभाऊ भराभरा पानं उलटून बघत होते. “भाऊ, कितवं पान? मले काहून दिसून नाही राहिलं?”

“पुढे आहे, पुढे! आणि आता सर्वांत महत्त्वाचं,” श्यामकांत म्हणाले. सगळा दिवाणखाना श्वास रोखून ऐकत होता. दाराच्या पडद्यामागे काहीतरी हललं, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. आता राजा आला होता, आणि राजाचं काय करायचं हा प्रश्न होता. भोसलेकालीन दरबारात काकडी कशी सांगणार? त्यांनी पटकन काहीतरी भारदस्त शोधलं. “या तिघींच्या प्रभावामुळे राजामध्ये एक विलक्षण बदल झाला. तो अंतर्मुख झाला. शांत झाला. मित्रहो, राजा मौनात गेला!”

“मौनात नाही गेला, आबा!”

पडदा फाटेल अशा जोराने बाजूला झाला. ईरा! केस विस्कटलेले, गाल लाल, आणि छातीशी घट्ट धरलेलं ‘चेटकिणींचा कुकर’!

“काहून खोटं सांगून राहिले तुम्ही? मौनात नाही गेला तो! काकडी झाली त्याची! हिरवी काकडी!”

वासुदेवभाऊंनी पानं उलटायचं थांबवलं.

“आणि इशारे नाहीत ते, शिट्ट्या आहेत, शिट्ट्या! कुकरच्या!” ईरा मधोमध येऊन उभी राहिली. महिनाभर मनात कोंडलेलं सगळं आता एकदम बाहेर पडत होतं. “उष्टाबाईला ऐकूच येत नाही, म्हणून गडबड झाली! आणि मंत्री इतके बुद्धू, काकडीलाच मुजरा करून राहिले! आणि प्रधानाला भूक लागली तर तो चाकू-मीठ घेऊन आला! आणि खरकटाबाई म्हणाली, अग्गोबाई, हा तर महाराजांची कोशिंबीर करतो की काय! तुम्ही सगळं मजेदार सोडून दिलं, आबा, आणि बोअर बोअर सांगून राहिले!”

आणि ती थांबेचना! दरबार झाला, जंगल झालं, भंगारवाल्याचं गोदाम झालं. प्रत्येक चेटकिणीचा वेगळा आवाज. पाट्यावरून उडताना तिने हातात गेडीची काठी घेतली आणि नरहरीरावांच्या गुडघ्याजवळून पाटा नेला. अर्धं पुस्तकातलं मराठी, अर्धं घरातलं रायपुरी, मधूनच एखादा हिंदी शब्द, पण मराठी! घडाघडा! पैजेत म्हटलं होतं अगदी तसं!

पहिल्यांदा वासुदेवभाऊ हसले. महिनाभर वाट पाहायला लावलेलं हसू होतं ते, असं आलं की ते खुर्चीवरून घसरले. मग कौमुदीताई, मग सगळेच. ज्योतीबाई अळूवड्यांचं ताट हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. आणि श्यामकांत? त्यांना काही दिसतच नव्हतं. चष्म्यावर पुन्हा पाणी आलं होतं, आणि या वेळी ते काकडीमुळे नव्हतं. कार्ड पुढे कसं सरकत होतं तेही त्यांना आता कळलं होतं. बदाम उगाच खाल्ले!

हसणं ओसरलं, तेव्हा कौमुदीताईंनी डोळे पुसत ईराच्या हातातलं पुस्तक पाहिलं. मग श्यामकांतांच्या हातातला खंड पाहिला. मग सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या.

“पण नरहरीराव,” कौमुदीताई म्हणाल्या, “तुम्ही तर ते प्रकरण अधोरेखित केलंय ना?”

नरहरीराव शांतपणे उठले. उपरणं नीट केलं.

“माझ्याकडची आवृत्ती वेगळी आहे,” ते म्हणाले आणि दोन अळूवड्या उचलून गॅलरीत हवा घ्यायला गेले.

खुर्ची राहिली! पुढच्या भिशीचं पुस्तक एकमताने ठरलं, ‘चेटकिणींचा कुकर’, आणि वक्त्या ईरा पिंपळापुरे. तिने अट घातली की आबांनी मधे काहीही भारदस्त बोलायचं नाही. वासुदेवभाऊंनी त्यांचा खंड दुसरा श्यामकांतांना भेट देऊन टाकला. ज्योतीबाईंना आनंद झाला. आता दोन साड्या एकदम दाबता येणार होत्या.

सगळे गेले. श्यामकांत ओसरीत झोपाळ्यावर बसले आणि ईरा त्यांच्या शेजारी येऊन टेकली. समोर पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोरं गेडीवरून चालली होती. श्यामकांतांनी तिच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला. नऊ वर्षं वाट पाहिली होती.

“बोल, बेटा,” ते म्हणाले. “काहीही बोल. मराठीत बोल. मी फक्त ऐकतो.”

“आबा, तुमचं पुस्तक कुठपर्यंत आलं?”

“शेवटचं प्रकरण राहिलं आहे. उद्या वाचतो.”

“माझं तर झालं!” ईराचे डोळे चमकले. “सांगू? शेवटी ना, धांदलबाई कुकर उघडते, आणि ती काकडी...”

“ए! चूप! सांगू नको!”

“... आणि ती काकडी म्हणते...”

“ईरा! चूप बस म्हणतो ना! हिंदीत बोल, काहीही बोल, पण हे सांगू नको!”

आतून ज्योतीबाईंचा हसण्याचा आवाज आला. अध्यक्षमहाशयांनी दोन्ही कान हातांनी गच्च झाकून घेतले. ईरा मात्र थांबली नाही. ती शेवटपर्यंत सगळं सांगत राहिली, शुद्ध रायपुरी मराठीत. आणि श्यामकांतांनी शेवट ऐकू येऊ नये पण मराठी ऐकू यावी, म्हणून बोटं जराशी फाकवून ठेवली.

व्हायचं तेच झालं. दोन्ही ऐकू आलं.